घरी मोजलेली कंबर

गाडी शिकायला येणारी माणसं तिला तोंडावर मॅडम म्हणत आणि पाठीमागे ब्रेकबाई. शिकवायच्या गाडीत शेजारी बसणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. तिचा पाय कायम त्यावर टेकलेला असे, पण तो दाबायची वेळ ती सहसा येऊ देत नसे. ती ओरडत नसे. नुसतं "पुन्हा" म्हणे. मग गल्लीत गाडी मागे घेणाऱ्याला घाम फुटो की रडू येवो, गाडी सरळ लागेपर्यंत सुटका नाही. ज्यांच्यापुढे इतरांनी हात टेकले असे शिकाऊ शेवटी तिच्याकडे येत आणि लायसन्स घेऊनच जात.

दिवसभर मात्र ती बसूनच असे. वय त्रेपन्न. तिचे वडील पंचावन्नाव्या वर्षी बेकरीतल्या भट्टीसमोर पाव काढता काढता खाली बसले ते उठलेच नाहीत. तीच बेकरी आता धाकटा भाऊ चालवत होता. वडिलांचा विषय घरात कुणी काढत नसे, पण पंचावन्न हा आकडा तिच्या मनात ठाण मांडून होता.

त्या वर्षी भागातल्या आरोग्य केंद्राने पंचेचाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांना निरोप पाठवला. कंबरेचा घेर घरीच मोजा आणि फोनवर कळवा. बायकांचा ऐंशी सेंटिमीटरच्या वर, पुरुषांचा नव्वदच्या वर भरला, तर रक्ताची आणि रक्तदाबाची तपासणी आधी. बाकीच्यांची नंतर, सवडीने.

तिने शिवणाच्या डब्यातला टेप काढला, आरशासमोर उभी राहिली आणि मोजलं. अठ्ठ्याहत्तर. नवरा दारात उभा होता. तो पोस्टात कारकून, स्वभावाने सावध.

"श्वास सोड की जरा," तो म्हणाला.

"सोडलाय."

इतक्या वर्षांच्या संसारात कुठे थांबायचं ते त्याला कळत होतं. तिने अठ्ठ्याहत्तर कळवले आणि विषय संपला.

तो विषय पुन्हा निघाला तो गाडीतच. आरोग्य केंद्रातली एक नर्स तिच्याकडे गाडी शिकत होती. सगळे तिला सिस्टर म्हणत. सिग्नलला थांबल्यावर सिस्टर सहज म्हणाली, "लोकांनी घरी घेतलेली मापं आम्ही पुन्हा घेऊन बघतोय. बहुतेकांची कंबर घरी बारीक भरते आणि केंद्रात येईपर्यंत वाढते."

"माझी अठ्ठ्याहत्तर आहे."

"कुठे मोजलीत?"

"कुठे म्हणजे? कंबरेला."

"हो, पण कंबर कुठे असते?"

ब्रेकबाईने पँटच्या पट्ट्यावर हात ठेवला. सिस्टर हसू दाबत म्हणाली, "तो पट्टा झाला, मॅडम. तो पोटाखाली सरकतो, पोट वरच राहतं."

मागून हॉर्न वाजला. सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झाला होता, आणि त्याकडे शिकणारीचं लक्ष नव्हतं तसं शिकवणारीचंही नव्हतं.

धडा संपल्यावर ड्रायव्हिंग स्कूलच्या ऑफिसात, दार लावून सिस्टरने तिचं माप घेतलं. बरगडीचं शेवटचं हाड चाचपलं, खाली खुब्याच्या हाडाची वरची कड चाचपली, दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप धरला. मागून तो खाली लोंबत नाही ना, हे वाकून पाहिलं. "आता नेहमीसारखा श्वास सोडा. ओढून धरू नका." सत्त्याऐंशी.

"तुमचा टेप चुकीचा असेल," ब्रेकबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःचा टेप पर्समध्ये घालून आली, सिस्टरची चूक दाखवायलाच. दोन्ही टेप टेबलावर शेजारी शेजारी पसरले. सुरुवातीची टोकं जुळवली, तर शंभरच्या खुणेला घरचा कापडी टेप बोटभर पुढे गेला. वर्षानुवर्षं ओढून ओढून तो लांबला होता. लांबलेल्या टेपवर जाडी कमीच दिसणार.

ब्रेकबाईने दोन्ही खुणांमधलं अंतर बोटाने मोजलं. मग म्हणाली, "टेपचे दोनच सेंटिमीटर गेले. थोडे पट्ट्यात गेले असतील. बाकीचे मी आत ओढले होते."

"सगळेच ओढतात," सिस्टर म्हणाली.

"सगळ्यांचं मला सांगू नका. नंबर कधी लावताय?"

तपासणीत साखर सीमेवर निघाली. डॉक्टर तरुण आणि शांत होते. ते म्हणाले, "घेर म्हणजे आजार नव्हे. आत डोकावून बघायची गरज कुणाला आहे, तेवढंच तो सांगतो. एखाद्या सेंटिमीटरने बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण तुम्ही रेषेच्या जवळ होतात. तिथे चूक झाली की माणूस यादीच्या शेवटी जातो." सध्या औषध नको, चाला, जेवण आवरा, तीन महिन्यांनी या, असं त्यांनी सांगितलं.

ती चालायला लागली. पहिल्या आठवड्यात पोटऱ्या भरून आल्या, तशीच चालली. नवा टेप आणला. रविवारी सकाळी, काही खायच्या आधी, उघड्या अंगावर ती माप घेई. नवरा मागे उभा राहून टेप धरे आणि तो वर गेला की खाली ते सांगे. दोन वेळा मोजायचं, आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा. एका रविवारी घेर कमी होण्याऐवजी वाढला. नवरा म्हणाला, "मी नीट धरला नसेल." ती म्हणाली, "तुम्ही नीटच धरलाय. पुन्हा मोजू नका."

पण तिला खरी काळजी भावाची होती. त्यानेही माप कळवलं होतं आणि तोही यादीत मागे पडला होता. ती बेकरीत गेली.

"किती सांगितलंस?"

"चौतीस इंच," तो म्हणाला. "लग्नापासून चौतीसच."

"हे पँटच्या लेबलावरचं की तुझं?"

वहिनी गल्ल्यावर होती. ती खाली मान घालून हसली. भाऊ चिडला. "ताई, मी तुझा शिकाऊ नाही. मला काही होत नाही."

"बाबांनाही काही होत नव्हतं," ती म्हणाली.

एक गिऱ्हाईक पाव घेऊन गेलं. भावाने कणकेचे हात पुसले, पुन्हा पुसले. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी मोजत नाही. तू मोज. आतल्या खोलीत जा, दार लाव. हाडं कुठली ते दाखवते, आकडा मला सांगूही नकोस. फक्त खोटं मोजू नकोस."

तिने सदऱ्यावरूनच बोटाने जागा दाखवली आणि टेप त्याच्या हातात दिला. तो पिठाच्या पोत्यांमागच्या खोलीत गेला. बराच वेळ आला नाही. वहिनी उठायला लागली, तशी ब्रेकबाईने तिला खुणेनेच थांबवलं. तो बाहेर आला तेव्हा टेप नीट गुंडाळलेला होता.

"एकशे चार," तो म्हणाला. "तीनदा मोजलं."

दुसऱ्याच दिवशी ती त्याला केंद्रात घेऊन गेली. रक्तदाब इतका चढलेला होता की डॉक्टरांनी त्याला थोडा वेळ बसवून पुन्हा मोजला. तेवढाच आला. गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या. परत येताना गाडीत भाऊ खिडकीबाहेर बघत होता. "मला कधी साधं डोकं दुखलं नाही गं," तो म्हणाला. ती म्हणाली, "माहीत आहे," आणि त्याला थेट घरी सोडलं. दुकान त्या दिवशी वहिनीने सांभाळलं.

तिची साखर पुढच्या तपासणीत थोडी उतरली. कंबर त्र्याऐंशीवर आली आणि तिथेच अडून बसली. भावाचा रक्तदाब गोळ्यांनी ताब्यात आला, पण त्याला चालायचा कंटाळा. म्हणून रोज संध्याकाळी शेवटचा शिकाऊ उतरला की ती गाडी बेकरीसमोर लावते, आत जाते आणि त्याच्या अंगावरचा एप्रन स्वतःच्या हाताने सोडते. तो वाटेत अर्धा वेळ कुरकुरतो. ती ऐकून घेते आणि चालत राहते.