तोताराम नाना मठ मोजतात

धरणगावच्या आसपास एखाद्या देवळाचं छप्पर गळत नसेल, तर ते तोताराम नानांनी घातलंय असं खुशाल समजावं. पत्रे ठोकणं हा त्यांचा धंदा. पण देवाच्या छपराची मजुरी घ्यायची नाही आणि वर चढायला कोणाची परवानगी मागायची नाही, हा त्यांचा बाणा. गेल्या साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, असेच एका मंदिरावरून पडले आणि पाय मोडून घेतला. पाय जुळला, पण लंगडा. लेक मेघाने त्यांना उचलून थेट इंग्लंडला आपल्या घरी नेलं आणि बजावलं, "आता चढणं बंद म्हणजे बंद." तेव्हापासून नाना फुगून बसलेले. पुन्हा कधी छपरावर चढतो, एवढं एकच डोक्यात.

एका रविवारी मेघा त्यांना खेड्यातला एक जुना मठ दाखवायला घेऊन गेली. पूर्वी तिथे साधू राहायचे, आता नुसत्या भिंती आणि कमानी. देवाचं ठिकाण म्हणून नानांनी फाटकापाशीच बूट काढले, आत जाऊन वर पाहिलं आणि हादरलेच. वर आभाळ!

"मेघा, छप्पर कोठे शे?"

"राजाने मठ बंद केला तेव्हा काढून नेलं, नाना. पाचशे वर्षं झाली."

"राजा आनि छप्पर चोरस? आनि पाचशे वरीसमा कोनीच पत्रा टाका नही?"

झालं! ओल्या गवतावर अनवाणी, लंगडत लंगडत, नाना पावलांनी मठ मोजायला लागले. मागे बूट हातात घेऊन मेघा. तिला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी तिथली माहिती सांगणाऱ्या वयस्कर बाई धावत आल्या.

"बाईले सांग," नाना म्हणाले, "लांबीले चाळीस पत्रा लागतीन. मजुरी नको. चढाना आगोदर फोडाले नारळ तेवढा आना."

मेघाने खाली मान घालून सगळं सांगितलं. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचं मोठेपण. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि म्हणाल्या, इथे एक दगड हलवायचा तरी वरून परवानगी लागते. वीस वर्षं तरी धरा.

सुटलो एकदाचे, असं मेघाला वाटलं.

नाना अजून भिंतीची उंचीच बघत होते. "वीस वरीस? चाली. तवलगून मना पाय बरा व्हई जाई."

तोवर नाना चौऱ्याण्णवचे होतील, हा हिशेब मेघाने मनातच केला. वर्षभर तोंडात तयार असलेलं 'नाही' काही केल्या बाहेर येईना. गवतात बसून त्यांच्या गार पायांत बूट चढवत ती म्हणाली, "चालेल नाना. पण शिडी मी धरणार."