कुलूपबंद क्वार्टरमधला बीपी

आधीच सांगते, भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की उठून चहा टाकायला जाणाऱ्यांतली मी. त्यात डॉक्टर... तेही कम्युनिटी मेडिसिनची. बाकीचे डॉक्टर आम्हाला "डास मोजणारे" म्हणून चिडवतात. मोजल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही हेच आमचं शिक्षण, त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंसं होतंय.

भोपाळला एमडीच्या शेवटच्या वर्षाला होते. थीसिससाठी अवधपुरीजवळच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये बीपीचा सर्व्हे चालू होता. दर दहावं क्वार्टर घ्यायचं, घर बंद असेल तर फाटकावर खडूने फुली मारायची आणि आठवड्याने पुन्हा जायचं. मंगळवारी सकाळी अकराला एका क्वार्टरला हे भलंमोठं कुलूप होतं. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "वो मराठी अंकल-आंटी तो नागपुर गए हैं, शादी में." मी फुली मारली आणि पुढे गेले.

शनिवारी गाईड सर फॉर्म तपासत होते. एकदम थांबले.

"डॉक्टर साहिबा, यादीत हे घर बंद लिहिलंय... मग हा फॉर्म कुठून आला?" सर हिंदीतच बोलले, पण आवाज अजून कानात आहे.

फॉर्म त्याच क्वार्टरचा, पूर्ण भरलेला. अक्षर माझं, सही माझी, तारीख मंगळवारची! पुरुष, वय एकसष्ट, बीपी २१०/१२४. खाली शेऱ्यात लिहिलं होतं— "डाव्या हातावर घेतला, उजवा प्लास्टरमध्ये." आमच्यात बीपी नेहमी उजव्या हातावर घ्यायचा, म्हणून कारण लिहावं लागतं.

"घर बैठे भर दिया?" सरांनी विचारलं.

घरी बसून फॉर्म भरणं म्हणजे आमच्या लाइनमधलं महापाप. थीसिस रद्द, वर्ष वाया! आईबाबांना काय सांगणार होते मी? रडत शपथा घेतल्या, पण सर ऐकेनात. "सोमवारी मी स्वतः येणार. त्या माणसाचे दोन्ही हात धड दिसले, तर तुमचं काम संपलं."

रविवारभर बाकीचे फॉर्म पुन्हा पुन्हा तपासत बसले.

सोमवारी गेलो तर कुलूप नव्हतं. दार काकांनीच उघडलं... उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला.

"काका, हे कधी झालं?" मी कसंबसं विचारलं.

"गुरुवारी हो. नागपुरात, पुतण्याच्या लग्नात मांडवातच घसरलो."

गुरुवारी! फॉर्म मंगळवारचा होता. सरांनी फॉर्म काढून तारीख पुन्हा वाचली. आतून काकू म्हणाल्या, "आणि बघा ना, दोन दिवस डोकं ठणकतंय म्हणतात. मी म्हटलं, लग्नातली जागरणं."

सरांनी स्वतः डाव्या हातावर बीपी घेतला, थोड्या वेळाने पुन्हा घेतला. २१२/१२४. लगेच काकांना आपल्या गाडीत घातलं आणि हॉस्पिटल गाठलं. दाखल करताना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी एक दिवस काढला असता तर मेंदूत रक्तस्राव अटळ होता. काका वाचले.

मी डोकं खूप खाजवलं. वय चुकून जुळलं म्हणू, बीपीही म्हणू, पण मोडायच्या आधीच प्लास्टर? बॅचमधल्या एकूणएकाला विचारलं, कोणी खोडी केली का म्हणून. छे! सरांनी तो फॉर्म थीसिसमध्ये घेऊ दिला नाही. तिथे ते क्वार्टर आजही "बंद घर" आहे.

सरांनी त्या शनिवारी माझ्यावर विश्वास ठेवला असता, तर काहीतरी गोंधळ झाला म्हणून फॉर्म फाडून मोकळे झालो असतो. माझी पुढची फेरी आठवड्याने, मंगळवारीच झाली असती, आणि तोवर उशीर झाला असता. मी खोटारडी ठरले, म्हणून सोमवारी गेलो.

काकू दर दिवाळीला फोन करतात. "त्या दिवशी तुला कसं गं कळलं?" मी म्हणते, "सर्व्हे होता, काकू." यापलीकडे मलाही काही माहीत नाही.