अजून न आलेला कॅमेरा

अक्काने रिपीटर बॅचला बसायला नकार दिला, तेव्हा अप्पांनी तिच्याशी बोलणं सोडलं. डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा तिची थोडक्यात हुकली होती. लातुरात अशा पोरांना आणखी एक वर्ष त्याच बाकांवर कोंडतात. मी तेव्हा या कोंडवाड्यांविरुद्ध पत्रकं लिहून चौकात वाटायचो. अप्पांनी त्यातलं एकही शेवटपर्यंत वाचलं नाही. अक्का मात्र सरळ एका फोटो स्टुडिओत कामाला लागली. माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा तिचा तो नकार मला मोठा वाटायचा, अजून वाटतो. पण अप्पांनी क्लासमधली तिची जागा महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती.

त्याच महिन्यात एक नवा कॅमेरा येणार अशी हवा होती. जेवताना अक्का मला मोबाइलवर वाचून दाखवायची. आत आरसाच नसणार म्हणे. अंधारातही माणसाचा डोळा बरोबर धरणार म्हणे.

अप्पा शाळेत फिजिक्स शिकवायचे. एकदा ताटाकडे बघतच म्हणाले, "आरसा न्हाई, मग बघणार कशातून?"

"आत छोटा पडदा असतो, अप्पा."

"म्हणजे टीव्ही बघत फोटो काढायचा. लई भारी."

पुढे तेही वाचून येऊ लागले. बॅटरी टिकणार न्हाई बघ, पावसाचं काहीच लिहिलं न्हाई. बोलणं कॅमेऱ्यापुरतंच, पण अक्काशी.

मग एके दिवशी त्यांनी विचारलं, "हात हलला तरी फोटो हलणार न्हाई, असं हाय. खरं का?"

अप्पांचं निलंग्याकडचं घर भूकंपात गेलं. त्याला ते भूकंप म्हणत नाहीत, 'हललं तेव्हा' म्हणतात. एरवी हा शब्द त्यांच्या तोंडी येत नसे.

"थोडं सांभाळून घेईल," अक्का म्हणाली. "बाकी पाय रोवून आपणच उभं राहायचं."

तिने त्याच आठवड्यात काढलेला एक फोटो पुढे केला. साखरपुड्यात लाइट गेली होती, आणि मेणबत्तीच्या उजेडात नवरीची आजी तोंडावर पदर धरून हसत होती. स्टुडिओतला जुनाच कॅमेरा, फ्लॅश नाही. अप्पांनी चष्मा वर सरकवून तो बराच वेळ पाहिला.

"शटर किती वेळ उघडं ठेवलं होतं?"

"पाव सेकंद."

"श्वास रोखला होतास?"

"हाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी स्वतःच क्लासमध्ये फोन लावला.

"ती जागा दुसऱ्या कुणाला द्या," ते म्हणाले. "न्हाई न्हाई, आजारी न्हाई. कामाला लागलीय ती."