गुरुदत्तरावांचे तीन राजे

कॅनडातल्या रिचमंड हिलच्या गुरुदत्त खांबेट्यांना उभ्या आयुष्यात पहिल्या फटक्यात 'हो' म्हणता आलं नाही. घराणंच तसं! साताऱ्याला लहानपणी पंगतीत जिलबी आली की ताटावर आडवा हात धरायचा, "नको, नको" म्हणायचं, वाढणाऱ्याने तो हात बाजूला सारायचा आणि मग यांनी चार जिलब्या चापायच्या. ही कवायत ज्या देशात कुणाच्या गावीही नाही, तिथे हा माणूस पंचाहत्तर साली येऊन पडला. आता बोला! पहिल्याच महिन्यात ऑफिसातल्या एका गोऱ्या सहकाऱ्याने जेवायला बोलावलं. "मोअर पोटॅटोज?" हे म्हणाले, "नो, नो, थँक यू." भांडं सरळ शेजारच्याकडे गेलं ते परत फिरकलंच नाही. घरी येऊन साहेबांनी फ्रिजपाशी उभ्याउभ्या पावाचे सहा तुकडे खाल्ले.

शहाणा माणूस यातून काही शिकला असता. पुढे वीज कंपनीत चीफ इंजिनिअरची जागा निघाली तेव्हा बॉसने बोलावून विचारलं, "इंटरेस्टेड आहेस का?" हे म्हणाले, "छे छे, मी आहे तिथे बरा आहे." आणि जागेवर येऊन तो दुसऱ्यांदा कधी विचारतोय याची वाट बघत बसले. जागा मिळाली यांच्याच हाताखालच्या पोराला. रिटायर होईपर्यंत रजा त्याच्याकडून मंजूर करून घ्यावी लागली.

पोकरमध्ये मात्र गुरुदत्तराव स्वतःला महाधूर्त समजत. हिवाळ्यात दर शनिवारी दुपारी त्यांच्या बेसमेंटमध्ये चौघांचा अड्डा जमे. ते, त्यांच्या पत्नी मृणालिनीबाई, मित्र यादवराव गजभिये आणि त्यांच्या पत्नी कल्याणीताई. यादवराव मूळचे नागपूरचे, सरळ रोखठोक माणूस. आंबेडकर जयंतीचा हॉल बावीस वर्षं एका फोनवर बुक करणारे. खेळायचं प्लास्टिकच्या चिप्सवर, आणि जिंकेल त्याने पुढच्या शनिवारचा मेनू ठरवायचा. गुरुदत्तरावांची चाल एकच. चांगले पत्ते आले की चिप्स अजिबात वाढवायच्या नाहीत, आपल्याकडे काहीच नसल्यासारखं मलूल तोंड करून पडून राहायचं. याला ते ऐटीत 'स्लो-प्ले' म्हणत. एकदा का समोरचा भुलून पुढे आला, की झडप घालायची! झडप घालायची वेळ वर्षातून दोनदा येई, ती गोष्ट वेगळी.

त्या शनिवारी मात्र त्यांचं अर्धं चित्त खेळात नव्हतं. आधीच्या रविवारी व्हँकुव्हरहून मुलाचा, निहारचा फोन आला होता. "बाबा, बॅकयार्डमधलं छोटं घर रेडी झालंय. यू अँड आई वाँट टु मूव्ह इन?" निहारची मुलगी केया पाच वर्षांची. फ्रिजवर तिचा फोटो लावलाय, आणि कुणी बघत नसलं की गुरुदत्तराव त्या फोटोला सकाळचं तापमान सांगतात. त्यांना नातीपाशी जायचं होतं हो! आणि तोंडातून काय निघावं? "नाही रे, कशाला उगाच! आम्ही इथे मजेत आहोत."

"ओके, कूल," निहार म्हणाला. "मग शनिवारी मी टेनंटसाठी ॲड टाकतो."

ओके, कूल! कॅनडात जन्मलेलं पोर ते, त्याला आडवा हात कसा दिसणार? आठवडाभर गुरुदत्तराव फोन खिशात घेऊन हिंडले. पुन्हा विचारेल, विचारेलच. बाथरूममध्येसुद्धा फोन नेला. मृणालिनीबाई या सगळ्यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. वास्तविक याचीच त्यांना धास्ती वाटायला हवी होती.

तर शनिवार, दुपारचे अडीच. हातात प्रत्येकाला दोन पत्ते, मध्ये टेबलावर आधी तीन, मग एकेक करत एकूण पाच उघडायचे, आणि सगळे मिळून ज्याचे पाच सर्वांत भारी, तो जिंकला. गुरुदत्तरावांनी आपले दोन पत्ते हळूच उचलून बघितले. दोन राजे! त्यांनी लगेच तोंड पाडलं. टेबलावर पहिले तीन उघडले: किलवरचा राजा, बदामाची सत्ती, चौकटची चव्वी. म्हणजे तीन राजे झाले की!

आता? वाढवावं, की गप्प बसावं? वाढवलं तर तिघंही पत्ते टाकून भज्यांकडे वळतील, आणि असे पत्ते मातीमोल होतील. गप्प बसलं तर कुणीतरी फसेल. फुकटात पुढचे पत्ते बघायला मिळाले तर कुणाचं काही जमून जाईल, ही शंका मनाला चाटून गेली. पण आपल्या हाताने पुढे सरसावायचं? जीभच उचलेना. त्यांनी टेबलावर टकटक केलं. म्हणजे माझं काही नाही, पुढे चला.

पुढचा पत्ता, बदामाची दश्शी.

"अहो, काही करणार आहात का?" मृणालिनीबाईंनी विचारलं.

"छे गं, माझ्याकडे काय असणार?" टकटक.

शेवटचा पत्ता, बदामाची दुर्री. यादवरावांनी मूठभर चिप्स पुढे ढकलल्या. दोघी बायकांनी पत्ते टाकले. आला, आला जाळ्यात! गुरुदत्तरावांनी आपल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चिप्स दोन्ही हातांनी लोटल्या, यादवरावांनीही तेवढ्याच लावल्या, आणि यांनी तीन राजे ऐटीत मांडले.

यादवरावांनी आपले दोन पत्ते उलटले. बदामाची अठ्ठी, बदामाची तिर्री. टेबलावरचे तीन धरून पाच बदाम, आणि एकाच रंगाचे पाच म्हणजे तीन राजांपेक्षा भारी. खेळ खलास.

"अरे बापा!" यादवराव कळवळून म्हणाले. "तीन राजे घेऊन झोपले होते काय, गुरुदत्तराव? सुरुवातीलाच दोन चिप्स जरी टाकल्या असत्या, तर मी तेव्हाच पत्ते फेकून भजी खात बसलो असतो. होतं काय माझ्याजवळ? तुम्ही काही बोलले नाही, म्हणून बसलो."

तुम्ही काही बोलले नाही! गुरुदत्तरावांना काळजात लागलं. घड्याळात तीनला पाच कमी. त्यांनी सगळ्यांदेखत खिशातून फोन काढला.

"निहार, ॲड टाकू नकोस. मला यायचंय रे. केयाजवळ राहायचंय. इथे घर खायला उठतं. त्या दिवशी मी उगाच नको म्हणालो."

"बट बाबा, आईने तर संडेलाच फोन केला. टेन मिनिट्स आफ्टर यू. शी इज कमिंग ऑन द फिफ्टीन्थ. तिकीट पण झालं."

"कुणाचं?"

"हर्स. एकच."

गुरुदत्तराव बायकोकडे वळले. बाई शांतपणे चिप्सचे रंग वेगळे करत होत्या.

"एकच?" त्यांचा आवाज चिरकला.

"तुम्ही मजेत आहात ना इथे?" मृणालिनीबाई म्हणाल्या. "अठ्ठेचाळीस वर्षं तुमचा तो आडवा हात बाजूला सारतेय मी. मनगट दुखायला लागलं माझं. आता एकदाच विचारते, दुसऱ्यांदा विचारणार नाही. यायचंय का?"

जिभेवर 'न' आला होता, सवयीने. त्यांनी तो गिळला.

"हो," ते म्हणाले.

बाईंनी शेवटची चिप डब्यात टाकली आणि डोळे पुसले. "मग काढा तिकीट. माझ्या शेजारची सीट अजून रिकामी आहे. रोज सकाळी उठून बघतेय मी."