पुरवलेले डोहाळे

बायकोला पाचव्या महिन्यात खर्रा मीच घोटून दिला. तिला त्याचेच डोहाळे लागले होते, आणि आमच्या सिंदेवाहीकडे पोटुशीचे डोहाळे पुरवले नाहीत तर पाप लागतं. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घालून असा रगडला की माझं मलाच कौतुक वाटलं. शाळेत तंबाखूचे दुष्परिणाम मीच शिकवायचो, हे जाता जाता सांगून ठेवतो.

आमच्या उपकेंद्राच्या नर्सबाई चंद्रपूरच्या, एका मुसलमान शिंप्याची मुलगी. तुम्ही त्यांना पाहिलं असतंत, तर आधी त्यांचा तळहातच दिसला असता. गरोदर बाई दारात आली की नाव नाही, वजन नाही, हात पुढे: "काढ." कमरेची पुडी निघायची आणि दूध पावडरच्या रिकाम्या डब्यात पडायची.

बायकोची पुडी निघाली तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "डोहाळे होते, बाई. मीच पुरवले."

"शाब्बास, मास्तर! आई तर थुकून टाकते. पोटातलं पोट्टं कुठी थुकते?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. तंबाखूतलं विष आईच्या रक्तातून नाळेत उतरतं, बाळाच्या कोवळ्या पेशींत खोट करून ठेवतं, आणि ती खोट पुढे कधी कॅन्सर होऊन वर येऊ शकते, असं त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. बायकोने खर्रा तिथेच सोडला.

मुलगी झाली, वजनाला कमी. काळजीने मी घरात येरझाऱ्या घालत असायचो आणि बाई लस टोचायला आल्या की त्यांना दारातच गाठायचो. "हिले काही होईल काय, बाई?"

"होईलच असं नाई. होणारच नाई, असं मी लिहूनही देत नाई. घरात चकरा काऊन मारून राह्यले? पोट्टीले खाऊ घाला."

मग त्यांची गडचांदूरकडे बदली झाली. एसटीच्या खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढला. निरोप समजून मीही हात हलवला.

"काढ," त्या म्हणाल्या.

माझी पुडी घेऊन एसटी गेली.

डबा उपकेंद्राच्या फळीवर अजून आहे. नव्या सिस्टर त्यात कापूस ठेवतात. मुलगी नऊ वर्षांची झाली. जरा अंग तापलं की मी तिची मान चाचपतो, गाठबीठ आहे का म्हणून. परवा ती वैतागून पळाली. बायको चुलीजवळून म्हणाली, "तिची मान सोडा जी. मी तर खर्रा त्याच दिवशी सोडला. तुमचेच डोहाळे अजून सरले नाईत."