उटण्याची बरणी

केतकीनं फ्रिज उघडला. उटण्याची बरणी जागेवर नव्हती. लोणच्यामागे नाही, दह्याच्या डब्यामागे नाही. तिनं शाळेत गेलेल्या लेकीला फोन लावला.

"आय हॅव इट, आई. इट्स ग्रँड," रेवा म्हणाली. ग्रँड म्हणजे तिकडचं 'काळजी नको'. आयर्लंडात, डब्लिनजवळच्या सोर्ड्समध्येच वाढलेली पोर; मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीतच. बरणी म्हणे आजच्या टॉकमध्ये सगळ्यांना दाखवायची होती.

तो टॉक मुलींचा होता. शाळेतल्या सावळ्या-काळ्या पोरींनी मिळून सुंदर कोणाला म्हणायचं, आपण नेमक्या कोण, यावर बोलणं सुरू केलं होतं. रेवा आणि तिची मैत्रीण चिओमा त्यात पुढे. आज आयांनाही बोलावणं होतं. केतकीनं ऑफिसातून अर्धी रजा घेतली होती, नवी साडी इस्त्री करून ठेवली होती. आता ती नेसताना निऱ्या काही केल्या बसेनात.

तशी केतकी वाईट बाई नाही हो. कुणाच्याही अडीनडीला धावणारी, मंडळाच्या गणपतीला एकटी सगळ्यांचे मोदक वळणारी. पण पुण्यात तिला बघायला आलेली एक बाई बशी खाली ठेवताठेवता म्हणाली होती, "मुलगी गुणी आहे, पण रंगानं मार खाते." मेली जीभ! ते वाक्य केतकी समुद्रापार घेऊन आली. पुढे रेवा पहिलीत असताना व्हिडिओ कॉलवर सासूबाई बोलून गेल्या, "नाकीडोळी नीटस आहे गं, रंगच तेवढा..." झालं. केतकीनं पुण्याहून येणाऱ्या माणसाबरोबर गोरं करणारी ट्यूब मागवली. उटण्यात साय कालवायची आणि वरून ती ट्यूब पिळायची. पोरीला सांगायचं काय? घरचं उटणं, बाळा, आपल्याकडची रीत.

चार लोक "रेवा उजळली हं" म्हणायचे आणि केतकी सुखावायची.

मग गेल्या उन्हाळ्यात रेवा शाळेबरोबर दोन आठवडे कॉर्क शहरात गेली आणि बरणी घरी राहिली. परत आली ती गाल लालभडक, नुसती आग आग. केतकीनं घाईघाईनं लेप लावला, तर चेहरा शांत झाला. इतका लवकर शांत झाला की केतकीलाच भीती वाटली. तिनं ट्यूबवरचं नाव फोनवर शोधलं. स्टेरॉइड होतं. कातडी पातळ होते, थांबवलं की भडकतं, असं सगळं स्पष्ट लिहिलेलं होतं. तिनं फोन पालथा ठेवला. पुढच्या रविवारी पुन्हा ट्यूब पिळली. काय करणार? पिळली नाही तर पोरीचा चेहराच बोलला असता.

हॉलमध्ये ती मागच्या रांगेत बसली. बाहेर विमानतळाकडे उतरणारं विमान डोक्यावरून घरघरत गेलं आणि चिओमा माईकसमोर आली. तिच्या गालांवर पुळ्या होत्या, हनुवटीवर सोललेले चट्टे होते. चिओमा हसून सांगत होती की रेवानं डबीत काढून दिलेलं तिच्या आईचं उटणं तिनं महिनाभर लावलं, चेहरा कसा लख्ख झाला होता. संपलं आणि हे असं झालं, म्हणून आज तिला आणखी हवंय.

मग रेवा बोलायला लागली. कितीतरी घरांत आयाच मुलींना गोरं व्हायची क्रीमं लावतात, ती म्हणाली. माझ्या आईनं मला कधीच गोरी हो म्हटलं नाही. तिनं मला हे दिलं. आणि तिनं बरणी उंच धरली. बायका वळून वळून केतकीकडे बघत टाळ्या वाजवू लागल्या. केतकी हसली. त्या हसण्याची तिला स्वतःलाच किळस आली.

रेवानं झाकण उघडलं. पुढच्या रांगेतली एक कुरळ्या केसांची चिमुरडी उठली आणि तिनं गाल पुढे केला. रेवानं बोट बुडवलं.

"डोन्ट!" केतकी ओरडली. खुर्च्यांना अडखळत ती पुढे गेली आणि तिनं बरणी हिसकावून घेतली.

"आई, रिलॅक्स," रेवा हसली.

"त्यात ट्यूब आहे, बाळा. गोरं करायची." हे तिनं मराठीत सांगितलं, कुणाला कळू नये म्हणून. मग शेजारी उभी असलेली चिओमा दिसली, तिची सोललेली हनुवटी दिसली, आणि केतकीनं तेच पुन्हा इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. चिओमाला डॉक्टरकडे न्या म्हणाली, आजच.

रेवाचं लेपानं भरलेलं बोट तसंच हवेत होतं.

"कधीपासून?" तिनं विचारलं. स्वच्छ मराठीत.

"तू पहिलीत होतीस."

रेवानं बोट स्कर्टला पुसलं. दुसरा हात गालावर ठेवला आणि विचारलं, "मग माझा रंग कुठला, आई?"

केतकीनं लेकीच्या चेहऱ्याकडे बघितलं. पुन्हा नीट बघितलं. तिला काही केल्या आठवेना.