मी सोडलेली गाठ

डॉक्टरांनी कौसल्येच्या घशात चपटी लाकडी काडी घातली आणि तिचे दात त्या काडीवर घट्ट मिटले. तिने ते मिटले नव्हते, आपोआप मिटले होते. तिच्या डोळ्यांत भीती दिसत होती. डॉक्टरांनी काडी हळूच सोडवून घेतली आणि मला बाहेर बोलावलं.

"गुरुजी, हा टिटॅनस आहे. म्हणजे धनुर्वात. पायाला काही लागलं होतं का?"

लागलं होतं. आठ दिवसांपूर्वी टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. तिनेच तो सुईने काढला, जखमेत हळद भरली आणि कामाला लागली. मी नेवाशाजवळच्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक. मुलांना देवीची लस टोचून घ्या म्हणून घरोघर फिरायचो, पण बायकोला धनुर्वाताचं इंजेक्शन द्यावं हे माझ्या मनातही आलं नाही.

पुढे तिला भाकरीचा घास तोंडात घेता येईना. "अक्कलदाढ येत आसंल, व्हईल बरं," ती म्हणाली. मी मान डोलावली. दोन दिवसांनी तिची पाठ फळीसारखी ताठली, तेव्हा आम्ही एस.टी.ने नगरचा मोठा दवाखाना गाठला. एकाहत्तर सालचा हिवाळा होता.

तिला एका अंधाऱ्या खोलीत ठेवलं. खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या होत्या. उजेड, आवाज, कॉटला लागलेला साधा धक्का, कशानेही तिला झटका येई. अंग धनुष्यासारखं वाकायचं, फक्त डोकं आणि टाचा गादीला टेकलेल्या राहायच्या. डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यात जड गेली. "या रोगात माणूस शुद्धीवर असतो. तिला सगळं कळतंय."

तिसऱ्या दिवशी झटका घशात आला आणि ती काळीनिळी पडली. त्यांनी ट्रॅकिऑस्टॉमी केली, म्हणजे गळ्याला पुढून भोक पाडून श्वासनलिकेत धातूची नळी बसवली. नाकातून पोटात गेलेली रबरी नळी होती, तिला रायल्स ट्यूब म्हणतात. तिच्यातून दूध आणि औषध द्यायचे. लघवीसाठी कॅथेटर होता. गळ्याच्या नळीमुळे हवा आवाजाच्या पेटीपर्यंत पोचत नाही, म्हणून तिचं बोलणंही थांबलं.

दोन्ही हात गॉजच्या पट्ट्यांनी कॉटच्या दांड्यांना बांधले होते. "गळ्यातली नळी निघाली तर हातात काही मिनिटंच असतात," डॉक्टर म्हणाले. "हात सोडायचे नाहीत."

दिवसपाळीला शांता सिस्टर असत. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या. गळ्याच्या नळीच्या आत आणखी एक बारीक नळी असते. ती त्या दर थोड्या वेळाने काढून धुवायच्या, मशीनने कफ ओढून घ्यायच्या. उशाशी झाकलेला एक ट्रे होता. त्यात दुसरी नळी आणि गळ्याचं भोक उघडं धरणारा वाकडा चिमटा. "गुरुजी, हा ट्रे इथून हलू द्यायचा नाही," त्यांनी मला बजावलं होतं. इतरांना खोलीत येऊ देत नसत. मी जवळ असलो की कौसल्येला झटके कमी येतात, हे त्यांनी पाहिलं होतं, म्हणून मला बसू द्यायच्या.

सहाव्या दिवशी दुपारी सिस्टर शेजारच्या खोलीत गेल्या होत्या. कौसल्येची बोटं हलायला लागली. ती माझ्याकडे बघायची, मग मनगटाकडे. पट्टीखाली लाल वळ उठला होता. मला वाटलं, गाठ काचतेय. मी उजव्या हाताची गाठ सोडली.

क्षणभर तिचा हात माझ्या हातात होता. मग तो सुटला, गळ्याकडे गेला आणि नळी बाहेर आली.

मी ओरडलो. माझ्या ओरडण्यानेच तिला झटका आला. सिस्टर धावत आल्या, चिमट्याने भोक फाकवलं आणि ट्रेमधली दुसरी नळी बसवली. ओठांचा निळेपणा हळूहळू उतरला. मग त्यांनी निघालेली नळी उजेडाकडे धरून मला दाखवली. ती आतून वाळलेल्या कफाने बुजली होती. "श्वास अडला होता तिचा. तेच सांगत होती ती."

म्हणजे तिने मला हाक मारली होती आणि मी ती चुकीची ऐकली होती.

थोड्या वेळाने मेट्रन आल्या, सगळ्या नर्सेसच्या प्रमुख. "ही गाठ कुणी बांधली होती?"

"मी," शांता सिस्टर म्हणाल्या.

"मग सुटली कशी?"

सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गात उठाबशा काढायला लावणारा मी, जमिनीकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. त्यांना मुलांच्या वॉर्डात पाठवलं होतं.

त्यांच्या जागी आलेली सिस्टर तरुण होती, कष्टाळू होती. आठव्या दिवशी सकाळी तिने अवजारं उकळायला नेताना उशाचा ट्रेही नेला. मी पाहिलं. मला शांता सिस्टरांचं बोलणं आठवलंही. पण या खोलीत काही सांगायचा अधिकार मी घालवून बसलो आहे, असं वाटून मी गप्प राहिलो.

ट्रे परत यायच्या आत चादर बदलायची वेळ झाली. कौसल्येला कुशीवर वळवताना तिला खोकल्याची उबळ आली आणि नळी निसटली. या वेळी तिचे दोन्ही हात बांधलेलेच होते. सिस्टर चिमट्यासाठी धावली. मी कौसल्येचा चेहरा दोन्ही हातांत धरला. ती माझ्याकडे बघत होती. मग बघेनाशी झाली.

डॉक्टरांनी येऊन नळी बसवली. बराच वेळ छाती दाबत राहिले. शेवटी थांबले आणि म्हणाले, "गुरुजी, गेल्या त्या."

तेराव्यानंतर मी पुन्हा नगरला गेलो. मेट्रनना सगळं सांगितलं आणि तिथेच बसून कागदावर लिहून दिलं. त्यांनी तो वाचला. "हे त्याच दिवशी सांगायला हवं होतं," एवढंच म्हणाल्या.

ज्यांच्या माणसाला आज अशा नळ्या लावलेल्या आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहितो आहे. त्याचा हात नळीकडे गेला तर त्याला वेडा समजू नका, त्याच्यावर ओरडू नका. कफ अडला असेल, दुखत असेल, तहान लागली असेल. आधी सिस्टरला बोलवा. गाठ आपल्या हाताने सोडू नका. आणि दयेपोटी सोडलीच असेल, तर त्याच घटकेला सांगा. लोक रागावतील. रागावू द्या.

मेट्रनना कागद दिला त्याच दिवशी मी मुलांच्या वॉर्डात शांता सिस्टरांना भेटलो. एका लेकराला त्या चमच्याने पाणी पाजत होत्या. मी बोलायला लागलो तर त्यांनी मला थांबवलं.

"मला ठाऊक होतं. माझी गाठ आपोआप सुटत नाही."

"मग तुम्ही बोलला का नाही?"

"तुम्हाला त्या खोलीतून बाहेर काढलं असतं. मग ती एकटी पडली असती."

मी स्टुलावर बसलो. मग विचारलं, "तुम्ही तिथं असता तर ती वाचली असती का?"

त्यांनी लेकराचं तोंड पुसलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "सांगता येत नाही, गुरुजी. धनुर्वातातून फार थोडे उठतात. पण ट्रे तिथं असता."

माझ्या समाधानासाठी त्या काहीतरी गोड बोलू शकल्या असत्या. बोलल्या नाहीत. कौसल्या जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण मला खरं तेच सांगणाऱ्या त्या माउलीचे हे उपकार मी विसरलेलो नाही.